मिसेस न्यूमा गिड्री यांचं बिस्क

प्रिय अझेली,

रागाच्या भरात पत्र लिहू नये, आधी एक जपमाळ म्हणावी, असं शाळेत सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या. मी दोन म्हटल्या. राग आहे तिथंच आहे, तेव्हा आता लिहितेच.

माझं दुकान तू पाहिलेलं नाहीस. तू गेल्यानंतर थाटलं. मेन स्ट्रीटवर, बायूच्या पाण्याकडे पाठ करून. फक्त आपल्या लुईझियानाची पुस्तकं ठेवते. एका कपाटात इतिहास, दुसऱ्यात कथा-कविता, तिसऱ्यात स्वयंपाक. इतिहासात सगळे गव्हर्नर आणि सेनापती. साहित्यात बहुतेक इथून पळून गेलेले आणि मग जन्मभर इथलंच लिहीत बसलेले. बायका भेटतात त्या तिसऱ्या कपाटात, आणि तिथंही नवऱ्याच्या नावानं.

परवा त्या कपाटासाठी चर्चच्या महिला मंडळाचं पाककृतींचं पुस्तक आलं. आपलं तेच जुनं, आता गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसकट. मी कौतुकानं तुझ्या बिस्कचं, त्या क्रॉफिशच्या दाट रश्श्याचं, पान काढलं. शब्द न् शब्द तुझा. खाली, पूर्वी होतं तसंच, 'मिसेस न्यूमा गिड्री'. आणि शेजारी फोटो व्हर्नाचा! न्यूमाची दुसरी बायको, गळ्यात मोती, हातात डाव, हसतेय.

कसं झालं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तेव्हा आपण सगळ्यांनीच नवऱ्यांची नावं घातली होती. दुसरी रीतच नव्हती. या खेपेला मंडळानं ठरवलं, प्रत्येक पदार्थाशेजारी करणारणीचा फोटो हवा. फोटोवाला बाहेरगावचा. त्यानं गिड्रींचं दार वाजवून विचारलं, मिसेस न्यूमा गिड्री कोण? व्हर्ना म्हणाली, मीच. आता यात खोटं कुठं बोलली ती?

मी तडक अध्यक्षीणबाईंकडे गेले. अध्यक्षीण म्हणजे आपल्या वर्गातली लर्लीन. आता तिला मिसेस क्लोव्हिस डार्बी म्हटल्याशिवाय ओ देत नाही. म्हणते, "अगं, नाव बरोबर आहे ना? मग चूक कसली?" मी म्हटलं, "नाव बरोबर आहे, बाई चुकीची आहे." तर म्हणे, "पदार्थ शेवटी त्या घरचाच." मी विचारलं, "म्हणजे बायको बदलली तरी बिस्क घरातच राहतं? फडताळासारखं?" तेव्हा ती तोंड वाकडं करून म्हणाली, "ओदील, घर सोडून कोण गेलं? आम्ही हाकललं का तिला? एवढंच वाटत असेल तर तिनं स्वतः चार ओळी लिहाव्यात, पुढच्या छपाईत बघू. तुझ्या तोंडाच्या वाफेवर मंडळ चालत नाही." मी दार आपटून आले. पुस्तकांची खोकी दुकानात तशीच बांधलेली पडून आहेत. फादरांचा फोन आला होता, लेंट जवळ आलाय, उपासाचे पदार्थ करायला लोक पुस्तक मागताहेत. मी म्हटलं, "फादर, लेंट आहे म्हणूनच थोडी कळ काढायला सांगा त्यांना."

घर सोडून कोण गेलं म्हणे! जूनच्या उकाड्यात तू रविवारी मासला पूर्ण बाह्यांचा झगा घालून यायचीस, ते साऱ्या चर्चनं पाहिलं होतं. लर्लीन तर तुझ्या मागच्याच बाकावर बसायची. एकीनं विचारलं नाही, त्या बाह्यांखाली काय लपवतेस. आणि ज्यानं घटस्फोटात तुझी मुलगी बापाकडे ठेवली तो न्यायाधीश न्यूमाचा सख्खा चुलता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गावाच्या तोंडी एकच, अझेली पोर टाकून ह्यूस्टनला पळाली.

मला मात्र तुझं स्वयंपाकघर आठवतं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पोतंभर क्रॉफिश कवचासकट उकडायचे आणि आपण दोघी त्यांची डोकी साफ करत बसायचो, बोटं चिरेपर्यंत. मग त्या पोकळ डोक्यांत सारण भरायचं. तू पातेल्यापाशी उभी, पीठ तेलात तांबूस करत; त्या वेळी दारात प्रत्यक्ष बिशप आले असते तरी तू वळून पाहिलं नसतंस. एकदा मी घाई केली, तर म्हणालीस, "तुला बिस्क हवंय की खळ? खळ हवी असेल तर कपडे घेऊन ये." तुझं ते बोलणं मी अजून सुनांना ऐकवते.

व्हर्ना दुकानात येऊन गेली. मी तोंडसुख घ्यायच्या तयारीतच होते. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं फोटोवाल्याला, मला हे येत नाही. तो म्हणाला, नुसता डाव धरा. पातेल्यात डब्यातलं टोमॅटोचं सूप होतं, ओदील." मला हसूही आलं आणि चीडही. मग हळूच म्हणाली, "घरात तिचं नाव काढायची सोय नाही. तुम्हाला वाटतं, मला ते सोपं जातं?" तिनंही पूर्ण बाह्या घातल्या होत्या, अझेली. मी कॉफी केली, दोघी प्यायलो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल तुझी कॉरिन आली होती. तुझं नाक, तुझी चाल. दारातून आत आली आणि वाटलं, तूच आलीस. तिनं पुस्तक बघून बिस्क केलं होतं, जमलं नाही. कसं जमणार? डोक्यातली पिवळी चरबी काढून रश्श्यात घालायची, हे तू लिहिलंच नव्हतंस. तेव्हा ते न सांगताच प्रत्येकीला ठाऊक असायचं. तिनं ती नळाखाली धुऊन टाकली. मला म्हणाली, "ओदीलमावशी, हे व्हर्नाचं नाही. तिला अंडंसुद्धा धड उकडता येत नाही. डोकी धुताना मी एक डोकं बोटावर चढवलं, आणि मला आठवलं. मी ओट्यावर बसलेय आणि कुणीतरी माझ्या बोटांवर लाल टोप्या घालतंय, आणि हसतंय. पप्पा म्हणतात, स्वप्न पडलं असेल तुला. मला स्वप्न पडलं होतं का?" तू मला शपथ घातली आहेस, तुझा ठावठिकाणा तिला कधी सांगायचा नाही, तिच्या घरात वादळ नको. ती शपथ मी आजवर पाळली. पण काल तिच्या तोंडावर खोटं बोलवलं नाही. मी म्हटलं, "नाही बाळ, ते स्वप्न नव्हतं." एवढंच. चरबीचंही सांगितलं नाही. ते माझं नव्हे सांगायचं. ती रविवारी मासनंतर पुन्हा येणार आहे. पुस्तकात नाव कुणाचं छापायचं ते लर्लीनशी मी भांडेन, तुला चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर लिही, नाहीतर राहू दे. मला फक्त एवढं कळव, तुझा पत्ता तिला देऊ का?

टपालाकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
ओदील