रिळांचा क्रम

मानवत, ता. ४ फेब्रुवारी २०२४

ती. योगीराजमामांस बजरंगचा शि. सा. न. वि. वि.

तुमी माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. लहानपणी तुमच्या तंबूत पाहिलेला भुताचा सिनेमा मी आठवून नव्यानं काढला. काल इथं पहिला खेळ झाला. निम्मे म्हणाले, लय खोल हाय. निम्मे म्हणाले, डोकं दुखायलंय. एका बाईनं मला गाठून विचारलं, सून विहिरीत पडून मरते शेवटाकडं, मग तिचं भूत त्याच्या आधीच भाकरी कसं थापतं? मी रात्रीच जुन्या प्रतीसाठी चार ठिकाणी फोन लावले. जुन्या सिनेमाची प्रत कुठंच उरली नाही. खरं काय ते तुमालाच ठाऊक. आईही म्हणायलीय, भावानं राग सोडावा.

भाच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
आपला, बजरंग

गंगाखेड, ता. ९ फेब्रुवारी

चि. बजरंग यास अनेक आशीर्वाद.

मी सातवी नापास. मशीन उघडून, जोडून शिकलो. तुझा सिनेमा मानवतला मागच्या रांगेत बसून पाहिला, तिकीट काढून. चूक एकावन्नाव्या मिनिटाला हाय.

त्या वर्षी जत्रेत एकच सिनेमा दोन तंबूंत चालायचा. तिकडं संपलेली रिळं आपला गडी सूर्यभान मोटारसायकलवर आपल्याकडं आणायचा. एका खेळाला तो सहावं रीळ तिकडंच विसरला. लोक शिट्ट्या मारायले, म्हणून मी सातवं-आठवं आधी चालवलं आणि सहावं आल्यावर मागून लावलं. सून मरते ती सहाव्यात, भूत येतं ते सातव्यात. तू नेमका तोच खेळ पाहिलास अन् तीच कथा समजून बसलास.

तुझं लिखाण वाचलं तेव्हाच हे माझ्या ध्यानात आलं होतं. सांगणार होतो. पण सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांत माझं नाव घाल म्हणालो, तर तू ताईसमोर म्हणालास, “मामा, तुमी तंबूवाले. तुमाला सिनेमा दाखवता येतो, कळत न्हाई.” मग दोन वर्षं गप्प बसलो. मानवतला लोकांनी तुला घेरलं, ते मी दारात उभं राहून शेवटपर्यंत पाहिलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आता क्रम सुधारायचा असेल तर सुरुवातीलाच पाटी पाहिजे: ‘हा सिनेमा योगीराज यांनी सांगितलेल्या क्रमानं.’ अक्षरं तुझ्या नावाहून लहान नकोत. मी मोजायला पट्टी घेऊन येईन.

ताईला नमस्कार. आशीर्वाद आहेत, ते अटीसह.
तुझा मामा, योगीराज

परभणी, ता. २६ फेब्रुवारी

ती. मामांस शि. सा. न.

पाटी तुमच्याच शब्दांत लावली, माझ्या नावाच्या दुप्पट अक्षरांत. पट्टी आणायची गरज नाही. सिनेमा एकदम सरळ झाला. भूत कोणाचं ते पडद्यावर येण्याआधीच सगळ्यांना ठाऊक. काल इथल्या खेळाला मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. चहाच्या गाड्यावर लोक एकमेकांना विचारायले, हा योगीराज कोण, ज्यानं चांगल्या भुताची माती केली. मी तुमचा पत्ता दिला.

उलट्या क्रमाचा पहिला सिनेमा मी मोडला नव्हता. तो मानवतला पुन्हा लागलाय. डोकं दुखलेलेच घरच्यांना घेऊन दुसऱ्यांदा यायलेत, भांडायलेत, परत तिकीट काढायलेत. चौथा दिवस, हाऊसफुल. त्यात तुमचं नाव न्हाई.

आईचा तुमाला नमस्कार. लोभ ठेवायचा की न्हाई, ते आता तुमीच ठरवा.
आपला भाचा, बजरंग