हवा नसलेली चाकं

श्योनाउ वसाहत, बोलिव्हिया
९ ऑगस्ट १९९४

ति. इस्ब्रांडदादास,
आगानेताचा सा. न. वि. वि.

देवदयेने आम्ही जिवंत आहोत आणि सगळं गाव आमच्यावर चिडलेलं आहे. दोन्ही बातम्या एकदमच देते, म्हणजे वहिनीला घाबरायला वेगळा वेळ काढायला नको.

ह्यांची पाठ तुला ठाऊकच आहे. इतकी वर्षं लोखंडी चाकांच्या ट्रॅक्टरवर बसून मणके पार खिळखिळे झालेत. सासऱ्यांच्या वेळचा तो खटारा वाळल्या जमिनीवरून चालला की प्रत्येक दणका थेट माकडहाडात. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता ट्रॅक्टर सोडा, नाहीतर पाय जातील. पण इथे जो कसतो त्याचीच जमीन. ट्रॅक्टर सोडला की जमीन वसाहतीला परत. मुली लग्न होऊन लांब गेल्या, दुसरं कोण कसणार?

मग मीच भंगारवाल्याकडून ट्रकचे झिजलेले टायर आणले. सुरीला साबण लावून त्यांच्या पट्ट्या कापल्या, मागच्या चाकांचे लोखंडी दात काढले आणि त्याच भोकांतून पट्ट्या बोल्टांनी आवळल्या. हे शेताला एक फेरी मारून आले, खाली उतरले आणि रडले. दुखत होतं म्हणून नव्हे.

सोमवारी आमचे उपदेशक ओम दिर्क आले. म्हणाले, की रबराला बंदी आहे हे विसरलीस काय? मी म्हटलं की बंदी हवा भरलेल्या चाकांना आहे. त्यांनी वेग येतो, आणि वेग आला की पोरं शहराकडे पळतात. ते मलाही पटतं. पण ह्या पट्ट्यांत फुंकरभर हवा दाखवा, आत्ता काढते. ते म्हणाले की आज पट्टी, उद्या टायर, परवा मोटार. मी म्हटलं की परवाचं परवा बघू, मला आज नांगरायचंय. आता चर्चमधल्या प्रभुभोजनापर्यंत मुदत दिली आहे. तोवर पट्ट्या निघाल्या नाहीत तर आम्ही मंडळीबाहेर.

मी काढणार नाही. रागावलास तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी,
आगा

---

चिवावा, मेक्सिको
११ सप्टेंबर १९९४

चि. सौ. आगानेता हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मोठ्याने वाचलं. तुझी वहिनी हसली, मी नाही. इथे आमच्या मंडळीने रबरी चाकं चालू दिली म्हणून तुम्ही त्या बोलिव्हियाच्या जंगलात गेलात. निघताना मला म्हणाली होतीस की रबरावर बसून नरकात लवकर पोचशील. अजून पोचलो नाही, सफरचंदं तोडतोय. आणि आता तूच टायर कापत बसलीस!

थट्टा पुरे. मंडळीबाहेर काढलं तर काय होतं हे तू पाहिलं आहेस. कोणी पंगतीला घेणार नाही, चीजचा कारखाना दूध घेणार नाही, आणि तुझ्या कोर्नेलियुसला त्याच्या आईशेजारी माती मिळणार नाही. तो बिचारा भित्रा माणूस. माझ्या बागेला लागून घर रिकामं आहे. इथे तुमच्या चाकांकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. हट्ट सोड आणि सामान बांध.

जशी आहेस तशी लाडकी आहेस, हे मात्र लक्षात ठेव.

तुझा दादा,
इस्ब्रांड

---

श्योनाउ
१६ ऑक्टोबर १९९४

ति. दादास,
सा. न. वि. वि.

घराबद्दल वहिनीचे आभार मान. येणार नाही. एकदा चाकांपायी घर सोडलं, दुसऱ्यांदा चाकांपायी सोडायला मी काय भटकी आहे? ही जमीन आम्ही झाडं तोडून काढली. इथेच राहीन, आणि पट्ट्याही राहतील.

मंडळीबाहेर काढण्याआधीच कारखान्याने दूध बंद केलं. मी घरीच चीज बनवते, खाणारे आम्ही दोघं. नणंद हेलेना जेवायला बोलावते आणि आम्हाला वेगळ्या टेबलावर वाढते. मी मुद्दाम दोनदा मागून घेते.

आता मुख्य गोष्ट. प्रभुभोजनाआधी इथे प्रत्येकाला विचारतात, मनात शांती आहे का. एकजण जरी नाही म्हणाला तरी प्रभुभोजन होत नाही. आधी पुरुषांना विचारलं. सगळे शांती म्हणाले. हेसुद्धा म्हणाले, बुटांकडे बघत. मग ओम दिर्क बायकांकडे आले. मी म्हटलं, नाही. अख्ख्या वसाहतीचं प्रभुभोजन पुढच्या महिन्यावर गेलं. तेव्हापासून रोज कोणीतरी दारात येऊन मला समजावतं, आणि हे माझ्याशी बोलत नाहीत. एवढंच म्हणाले की मला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरतील, ते तुला चालेल का?

मला राग येतो दादा, आणि त्यांची कीवही येते.

आठवणीत असू दे.
आगा

---

चिवावा
८ नोव्हेंबर १९९४

चि. आगास,
आशीर्वाद.

घाईत लिहितो, बोलिव्हियाला निघालेल्या माणसाच्या हाती देतो. तुला कोणी हरवू शकत नाही, हे लहानपणापासून जाणतो. पण ह्या भांडणात तू जिंकशील आणि कोर्नेलियुस मोडेल. मणके मोडलेला नवरा सांभाळता येतो, मनाने मोडलेला येत नाही. एवढाच विचार कर.

सांभाळून.
दादा

---

श्योनाउ
२१ नोव्हेंबर १९९४

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी रविवारच्या आदल्या दिवशी मिळाली. मी ती वाचून चुलीपाशी बसले, आणि मग ह्यांना सांगितलं की तुमची शपथ, उद्या मी शांती म्हणेन आणि सोमवारी पट्ट्या काढेन. जमीन गेली तर गेली. हे उठून उद्याचे बूट पुसायला बसले. मला वाटलं, सुटले बिचारे.

काल पुन्हा विचारणं झालं. ओम दिर्क पुरुषांच्या बाकांवरून एकेकाला विचारत आले. ह्यांच्यापाशी आले तेव्हा हे पुढचा बाक धरून उठायला लागले. बसूनच उत्तर देतात सगळे. ओम म्हणाले की बसून सांगा. हे पूर्ण उभे राहिले आणि म्हणाले की नाही, माझ्या मनात शांती नाही. गेल्या वेळी मी खोटं बोललो. माझ्या पाठीसाठी माझ्या बायकोला तुम्ही एकटीला उभं केलंत आणि मी खाली मान घालून बसलो. मला कुंपणाबाहेर पुरायचं तर पुरा, पण जिवंत आहे तोवर माझी जमीन मीच नांगरणार.

इतक्या वर्षांत त्या प्रार्थनाघरात ह्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. मीही नाही.

मग ओम दिर्क बायकांकडे आले. माझ्यासमोर थांबले तेव्हा त्यांचा चेहरा दमलेला होता. हळूच म्हणाले की आगानेता, निदान तू तरी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते अजून उभेच होते, बाक घट्ट धरून, माझी वाट बघत. दादा, माझी शपथ मोडली. मी नाही म्हटलं.

प्रभुभोजन पुन्हा पुढे गेलं. दूध अजून कोणी घेत नाही, आणि पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. आज सकाळपासून हे शेतात आहेत.

तुझी माया आम्हा दोघांवर असू दे.
आगा