काका पहिल्या रांगेत

ती. आई,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. माझा खोकला गेला, खोलीही हवेशीर आहे. काळजी नको.

"नाटक शिकून काय दिवे लावणार?" असं काका चारचौघांत म्हणाले होते ना? मग ऐक. सरांनी वर्गात प्रत्येकाला आपल्या घरातलं एक माणूस उभं करायला सांगितलं. मी काकांना उचललं. तेच घसा खाकरणं, तेच पोटावरून हात फिरवत सगळ्यांना अक्कल शिकवणं! वर्ग हसून लोटपोट झाला. मग मी "मीठ कुठंय यात?" म्हणत, मान वर न करता ताट ढकललं. हसू तिथंच थांबलं.

सर म्हणाले, "हे ताट उचलतं कोण?"

अजून तूच उचलतेस का गं?

वार्षिक प्रयोगात हाच प्रवेश आहे. काकांना पहिल्या रांगेचं मानाचं आमंत्रण धाडलंय. पुतणीचं कौतुक बघायला ऐटीत येतील. मागच्या रांगेत सगळे नातेवाईक बसवतेय. ते काकांना लगेच ओळखतील.

तू मात्र येऊ नकोस. त्या संध्याकाळी घरात कुणी नसेल. आपलं पान वाढून घे आणि गरम गरम जेव. ताट तसंच राहू दे. काका आल्यावर उचलतील.

तुझीच,
नाटकी कार्टी