दम धरा, आबा

हैदराबाद, ११ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप आबा,

काल सकाळी आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या यादीत तुमचं नाव वाचलं, पुढं गाव डोंगरकडा. ड्यूटी बदलून घेता आली असती, मी घेतली न्हाई. आठ वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडून मी एक्स-रेचं शिकायला निघून आले, तेव्हा तुमी म्हणलात, "आमची पोरगी मेली." म्हणून तोंडाला मास्क बांधून मशीनमागं गुपचूप उभी राहिले.

तुमच्या पोटातली मोठी रक्तनळी फुगली होती. डॉक्टर जांघेतून तार घालून तिच्या आत नवी नळी बसवत होते. ती कुठं बसवायची, ते माझ्याच पडद्यावर दिसणार होतं. जराशी वर सरकली असती तर किडनीचं रक्त बंद झालं असतं. रक्तात औषध सोडून फोटो घ्यायचा, तेवढा वेळ तुमी दम धरायला, श्वास रोखायला पाहिजे होता. भूल कंबरेखालीच होती, तुमी जागे होता. पण घाबरल्यामुळं डॉक्टरांची हिंदी तुमाला कळेना. दोन फोटो हलले.

मग मीच बोलले, "आबा, दम धरा. हालू नका."

तुमी धरला. फोटो साफ आला, नळी बराबर जागी बसली. मी "सोडा आता" म्हणाले, तेव्हा छताकडं बघतच तुमी विचारलं, "कवापासून इथं हायेस, संगे?"

मी पडद्याकडं वळून शेवटचा फोटो घेतला.

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुमचा वॉर्ड दोनच मजले वर आहे. कवापासून ते सांगायला मीच येऊन राहिले.

तुमची लेक,
संगिता