पिंपावरचं भांडण

३ मार्च
नाही ऐकणार मी तुझं, एफ्रेन. तू मोठा भाऊ, त्यात मेलास, म्हणून दर वेळी तुझंच खरं, असं नाही. घेतली नोकरी. टकीलाच्या भट्टीवरच, अमातितानला. आई म्हणाली, बाकी जग ओस पडलंय का, परत पिंपांपाशीच जातेस? मी म्हटलं, पिंपात उतरत नाहीये, गाइड आहे. गवती टोपीपण मिळालीये. तू असतास तर म्हणाला असतास, काडीवर टोपली.

अकराला ग्वादालाहाराहून बस येते. लोकांना घायपातीच्या शेतातून फिरवायचं, मग भाजलेल्या गड्ड्याचा तुकडा हातावर ठेवायचा. रताळ्यासारखा लागतो, बोटं चिकट होतात, सगळे खूश. मीही. खरंच, दोन वर्षांनी पहिल्यांदा.

५ मार्च
सगळ्यात जास्त फोटो पिंपापाशी. कूकोकाका छातीभर रसात उतरून हातापायांनी चोथा मोडतात आणि वर कडेला त्यांची बायको, चोलेकाकू, भांडत उभी असते. रस आंबताना आत वायू साचतो. आतल्याची शुद्ध कधी गेली ते त्यालाच कळत नाही, म्हणून वरच्याने त्याला बोलतं ठेवायचं. उत्तर आलं नाही की ओढायचं. काकू म्हणते, लाडाने विचारलं तर पुरुष नुसता हूं करतो, टोमणा मारला की मेलेलाही उत्तर देतो.

आज म्हणाली, "तुझ्यापेक्षा गाढवाशी लग्न केलं असतं तर बरं झालं असतं."

"विचारलं होतं मी त्याला. म्हणाला, ही नको."

सगळे हसले. मीही हसले, मग आठवलं. त्या दुसऱ्या भट्टीत तू आत होतास आणि मी वर. तू सगळ्यांसमोर काडी म्हणालास आणि मी रुसले. पाच मिनिटं बोलले नाही. पाचच.

९ मार्च
काकूच्या टोमण्याला आज तुझ्या आवाजात उत्तर आलं. भर उन्हात, चाळीस माणसांसमोर. कुणालाच वेगळं वाटलं नाही, काकूलाही नाही. त्यानंतर मी लोकांना काय सांगितलं, देव जाणे. खोलीवर येऊन रडले. आनंदाने, एफ्रेन.

१२ मार्च
रोज येतोस. एक उत्तर काकांचं, एक तुझं. मी पिंपाला चिकटून उभी राहते. कुणाला सांगत नाही. सांगितलं की जाशील.

१६ मार्च
काका पिंपाच्या कडेला टेकले होते. ओठ निळे. आणि उत्तरं येतच होती, हसत, एकामागून एक. तुझी.

मला दिसत होतं. मी लगेच ओरडले नाही. अजून एक वाक्य ऐकलं. मग ओरडले.

चौघांनी ओढून काढलं. वाचले. काकू तेच तेच म्हणत होती, बोलत होता की माझ्याशी. काका म्हणाले, दुसऱ्या टोमण्यानंतर मला काही आठवत नाही.

१७ मार्च
काकूला सगळं सांगितलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "चाळीस वर्षं ऐकतेय, पोरी. माझ्या माणसाचा आवाज मला चुकेल होय?"

काका पुन्हा उतरणार. लोक तेच बघायला येतात.

२० मार्च
तीन दिवस तापाने झोपून होते. काल काका जरा गप्प झाले आणि काकूने तिथल्या तिथे वर घेतलं, असं कळलं.

म्हणजे मी नसले की तू नसतोस.

२१ मार्च
काका आत्ताच उतरले. फाटकापाशी बसून लिहितेय.

काकूचा पहिला टोमणा— उत्तर तुझं.

गप्प राहा. त्या दिवशी राहिलास तसा. एकदाच. तिला कळू दे की खाली कुणी—

नाही ऐकणार तू. दुसरंही तुझंच.

गावात जाणारी गाडी उभी आहे. मी गेले तरच तू गप्प होशील. दुसऱ्यांदा गप्प करतेय तुला, माहितीये. या वेळी रुसून नाही—

"काडे" म्हणालास. ऐकलं.

आता काही बोलू नकोस. बोललास तर थांबेन मी. उत्तर देऊ नकोस, मी निघाले—