ताईच्या फोटोची मूळ प्रत

२ मार्च
नवं गाव, नवी नोकरी, नवी खुर्ची. खुर्ची करकरते, पण कुरकुर करण्यात मीही काही कमी नाही. फोटो स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, खिडकीत भरपूर उजेड. मालक अबोल, पण चहाला नाही म्हणत नाहीत. फोटोंना इफेक्ट द्यायचं सॉफ्टवेअर त्यांनी दाखवलं. नेहमीच्या एडिटरमधून प्लग-इन म्हणून वापरलं की मूळ फोटोला धक्का लागत नाही, काम वेगळ्या लेअरवर होतं. स्वतंत्र उघडलं तर सेव्ह होताना मूळ फोटोच बदलतो. कायम प्लग-इनच वापर, असं त्यांनी तीनदा बजावलं. मी मान डोलावली. ताई असती तर म्हणाली असती, नंदीबैल बरा.

आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं. मागच्या वर्षी तीही गेली. तिचा एकच फोटो आहे. तो मोठा करून खोलीत लावायचाय.

५ मार्च
स्वतंत्र उघडलं की काम निम्म्या वेळात होतं. मालकांना कशाला सांगा! आज टपालवाल्याच्या फोटोतली गालावरची चामखीळ काढली. स्वारी खूश.

६ मार्च
ताईचा फोटो स्कॅन केला. ती चौदा वर्षांची, जिन्यापाशी उभी, कडेवर मी. मागचा जिना धूसर करायला गेलो, तर सॉफ्टवेअरनं माझाच चेहरा मुख्य धरला आणि ताईलाही धूसर केलं. हसू आलं. आणि सवयीनं सेव्ह दाबलं. असो, कागदी प्रिंट आहे. उद्या पुन्हा स्कॅन करतो.

७ मार्च
टपालवाला आला. गाल साफ. चामखीळ कुठे उडाली म्हणून चेष्टा केली, तर म्हणाला, मला कधी नव्हतीच.
घरी येऊन ताईची कागदी प्रिंट बाहेर काढली. ताईचा चेहरा पुसट झालाय.

८ मार्च
मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी कबूल केलं. त्यांच्याही हातून एकदा असंच झालंय. कोण गेलं ते आठवत नाही, पण अजून ताटं दोन मांडतात. मग ते सॉफ्टवेअर काढून का टाकत नाही, मी चिडून विचारलं.
ते म्हणाले, "जे कोणी होतं, ते आतच असेल तर?"

१० मार्च
आठवतंय तोवर लिहून ठेवतो. वेणी घालताना रिबीन दातात धरायची. रागावली की मला साहेब म्हणायची. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसून — हनुवटीवर तीळ होता. डाव्या बाजूला. की —

११ मार्च
आवाज आठवत नाही. मामाला फोन केला. म्हणाला, असं काय करतोस, तू एकुलता एक.
माझ्या हातून झालं. माझ्याच.

१२ मार्च
फोटोत मी एकटा. जिन्यापाशी, हवेत. पाय लोंबतायत, पण पडत नाही. सदऱ्याला कमरेशी चुण्या — घट्ट धरल्यासारख्या —

१३ मार्च
मागची पानं वाचली. सगळीकडे ताई, ताई. कोणाची? अक्षर तर माझंच. रडू कशाचं येतंय —
कोणीतरी धरलं होतं मला. पडू दिलं नाही. ज्यानं धरलं, त्यानं — नाही, तिनं —