पहिले पट्टीले तपास

बाबा, सक्करदऱ्यात अकरा घरं, पारशिवनीला शाळेची भिंत, काटोलला संत्र्याच्या गोदामाचे तेवीस खांब आणि न्हाणीत आईच्या गुडघ्याच्या मापाचा ओटा. एवढं माझ्या हातचं. गवंडीकाम तुमच्याकडं पाहून शिकलो, वाचायला मात्र माझा मी. परवा वाचनालयात एक शब्द सापडला, कानोन. जुन्या ग्रीकांचा. मूळ वेताशी, बोरूशी जोडलेलं. पुढं अर्थ झाला गवंड्याची सरळ पट्टी. मग तिथल्या एका तत्त्वज्ञानं खरंखोटं पारखण्याच्या कसोटीलाच हे नाव दिलं. आपला कानून तिथूनच, अरबीतून फिरत आलेला. त्या तत्त्वज्ञाची पहिली कसोटी कोणती, तर डोळे, कान, हात. माणसाला प्रत्यक्ष लागतं ते. तिथं मी पुस्तक मिटलं.

सक्करदऱ्यातलं ते घर. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. तुम्ही केलेल्या प्लास्टरवर मी घरमालकासमोर तुमचीच सागाची पट्टी लावतो, बाजूनं टॉर्च धरतो. मधोमध उजेडाची फट. तुम्ही भिंतीवरून तळहात फिरवता. "हाताले तं सरळ लागून राहिली गा." मी हसतो. "हाताचं काय घेऊन बसले बाबा? पट्टी खोटं बोलन का?" रेती चाळणारी बाई तोंडाला पदर लावते. मालक म्हणतो, राहू द्या, चालतं. तुम्ही थापी धुता, पुसता, माझ्या हातात देता. "घे. माहे डोये गेले." त्यानंतर चार वर्षं जगलात, पण थापीला हात लावला नाही.

परवा घरी येऊन पट्टी काढली. फरशीवर ठेवून रेघ ओढली, मग उलटी करून त्याच दोन टोकांवरून दुसरी. "पहिले पट्टीले तपास, मंग भिंतीले," हे तुमचंच. दोन रेघांच्या मधोमध सहा मिलिमीटर. म्हणजे पट्टीला तीनचा बाक. त्या आठवड्यात ती ओली पट्टी गच्चीवर उन्हात मीच विसरलो होतो. काल त्या घरी जाऊन दोरी ताणली. भिंत सरळ आहे, बाबा. हाताला लागली तशीच. तुम्ही तर उसनी आणलेली पट्टीसुद्धा उलटून पाहणारे. त्या दिवशी पाहिली नाही. मी म्हटलं म्हणून.

हा कागद पट्टीलाच बांधून ठेवतो. सकाळी घरं सजवणारा एक जण आला होता, जुनी वस्तू म्हणून दुकानात टांगायला पट्टी मागत होता. नाही म्हटलं. वाकडी आहे, हे त्यालाही सांगितलं नाही. पाच हजार देत होता.